महाराष्ट्र दक्षिणेत की पश्चिमेत? हा वाद नीट घालायचा तर

हा वाद नाशिकमध्ये कॉलेजच्या कट्ट्यावर रंगतो, तसाच वाचनालयाच्या सभागृहातही. बहुतेक वेळा तो इडली, पुरणपोळी आणि हिंदी सिनेमा यांच्यापाशी येऊन अडकतो. एक जण नद्यांबद्दल बोलत असतो, दुसरा भाषेबद्दल, तिसरा सरकारी विभागांबद्दल, आणि तिघांनाही वाटतं की आपण एकाच प्रश्नाचं उत्तर देतोय. थोडी तयारी केली तर दोन तासांत यातून खरोखर काही हाती लागतं.

सुरुवात विषयाच्या वाक्यापासून करा. ‘महाराष्ट्र दक्षिण भारतात मोडतो’ हे वाक्य चालणार नाही, कारण त्यातला प्रत्येक शब्द मोकळा आहे. वाक्यात एक निकष आणि एक काळ हवाच: ‘लग्नसंबंधांच्या रूढी पाहता आजचा महाराष्ट्र दक्षिणेला जवळचा आहे.’ काळ का हवा, ते नकाशा पाहिला की कळतं. आजचं राज्य १ मे १९६० चं. १९५५ साल धरलं तर नाशिक मुंबई राज्यात, औरंगाबाद हैदराबाद राज्यात आणि नागपूर मध्य प्रदेशात होतं. साल न ठरवता बोललात तर समोरचा अर्धं राज्य तुमच्या हातून काढून घेईल.

माणसं नऊ घ्या. तीन-तीन जणांचे तीन गट करा: दक्षिण, पश्चिम आणि मध्य. दोनच गट केले की वाद हो-नाहीवर येतो आणि विदर्भ कुणीच बोलत नाही. प्रत्येक गटाने पोस्टकार्डाएवढी चार कार्डं तयार करायची, एका कार्डावर एकच पुरावा. कार्डाच्या मागे एका प्रश्नाचं उत्तर लिहायचं: हा पुरावा मान्य केला तर महाराष्ट्रासोबत आणखी कोण येतं? सगळ्या तयारीत हे काम सर्वांत महत्त्वाचं आहे, आणि नेमकं हेच टाळलं जातं.

उदाहरणार्थ, ‘नर्मदेच्या खाली ती दक्षिण’ हा लोकप्रिय पुरावा घ्या. नंदुरबार जिल्ह्याची उत्तर सीमा नर्मदेला टेकते, म्हणजे अख्खा महाराष्ट्र दक्षिणेत बसतो. पण कार्ड उलटा. सुरत, बऱ्हाणपूर, बैतूल हीसुद्धा नर्मदेच्या खाली आहेत. त्यांना दक्षिण भारत म्हणायची तयारी असेल तरच हे कार्ड टाका. पंचद्रविडांचं तसंच. जुन्या वर्गीकरणात महाराष्ट्रातले ब्राह्मण द्रविड, कर्नाटक, तैलंग यांच्यासोबत येतात खरे, पण पाचवं नाव गुर्जर आहे. ‘ळ’ हे अक्षर दक्षिणेचं म्हणून पुढे केलं जातं, ते गुजराती, राजस्थानी आणि पंजाबीतही ऐकू येतं. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद तेलुगू आणि तमिळमध्ये आहे, तसा गुजरातीतही आहे. दक्षिण गटाची अर्धी कार्डं अशी गुजरातपाशी घसरतात. ‘तो येतो म्हणून म्हणाला’ या वाक्यातलं ‘म्हणून’ जास्त टिकाऊ आहे, कारण बोलणं उद्धृत करायची हीच रीत तेलुगूत ‘अनि’ आणि कन्नडमध्ये ‘एंदु’ने होते. मराठी भाषा आर्यकुळातली आहे, यावर मात्र वेळ घालवू नका. ग्रियर्सनने भारतीय भाषांच्या पाहणीत तिला आर्यभाषांच्याच दक्षिण गटात ठेवलं होतं, म्हणजे दोन्ही बाजूंना थोडं थोडं मिळतं.

लग्नसंबंधांचं कार्ड सर्वांत धारदार आहे, कारण ते तीन प्रश्नांत विचारता येतं. मुलाला मामाची मुलगी चालते का? आत्याची मुलगी चालते का? सख्ख्या बहिणीची मुलगी चालते का? दक्षिणेतल्या अनेक समाजांत तिन्हींना होकार मिळतो. उत्तरेतल्या हिंदू समाजांत बहुतेक तिन्हींना नकार. महाराष्ट्रातल्या पुष्कळ समाजांत पहिल्याला होकार आणि उरलेल्या दोन्हींना नकार. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये नातेव्यवस्थेची मांडणी करताना महाराष्ट्र मध्य विभागात ठेवला, तो याच तऱ्हेच्या फरकांवरून. प्रश्न रूढीबद्दल विचारा, सभेतल्या कुणाच्या घराबद्दल नको. एकदा का घरातली नाती चर्चेत आली की पुढचा तास वाया गेला समजा.

पंचांगही चांगलं कार्ड आहे, आणि त्यासाठी घरातलं कॅलेंडर पुरतं. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेचा पौर्णिमेला. म्हणून जन्माष्टमी आपल्याकडे श्रावण वद्य अष्टमी आणि मथुरेत भाद्रपद कृष्ण अष्टमी, दिवस मात्र एकच. पुन्हा कार्ड उलटा: अमान्त महिना गुजरातेतही चालतो. फरक संवताचा आहे. आपला शालिवाहन शक कर्नाटक, आंध्र, तेलंगणाशी जुळतो, आणि गुजरातचं विक्रम संवत कार्तिकात सुरू होतं. महिन्याची मोजणी आणि वर्षाची मोजणी अशी दोन कार्डं केली तर दुसरं टिकतं. पूजेच्या संकल्पात ‘दक्षिणापथे… दण्डकारण्ये देशे’ म्हणतात, तेही घ्या. पंचवटीत गोदावरीचा उत्तर तीर आणि जुन्या नाशकात दक्षिण तीर म्हणतात. स्वतःचं ठिकाण सांगायची रीत म्हणून हा पुरावा मोलाचा आहे.

नाशिकचा फायदा असा की पुरावे पाहायला लांब जावं लागत नाही. पांडवलेणीतल्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. त्यात तिच्या मुलाच्या, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या ताब्यातले प्रदेश मोजलेत: असक, मुळक, सुरठ, कुकुर, अपरांत, अनूप, विदभ, आकर, अवंती. म्हणजे गोदाकाठ, कोकण, विदर्भ, सौराष्ट्र आणि माळवा एका राजाखाली. दुसऱ्या शतकातला ‘आपला’ मुलूख आजच्या कुठल्याच विभागात बसत नाही, हे वर चढून दाखवता येतं. सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर भूमिज शैलीचं, आणि भूमिज हा नागर म्हणजे उत्तरेकडच्या मंदिरपरंपरेतला प्रकार माळव्यातही फुलला. हे कार्ड दक्षिण गटाला अडचणीचं आहे.

पाण्याचं कार्ड तर जिल्ह्याच्या नकाशावरच काढा. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी १,४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. कळवण-मालेगावकडची गिरणा तापीला जाते. पेठ-सुरगाण्याचं पाणी दमणगंगा आणि पार नद्यांतून थेट अरबी समुद्रात उतरतं. एकाच जिल्ह्यात पाण्याच्या तीन वाटा आहेत.

जेवणाची कार्डं शक्यतो घेऊच नका. इगतपुरीला भात, येवल्या-नांदगावला बाजरी, सुरगाण्याला नागली हे सह्याद्रीच्या पावसाने ठरवलंय. बाजरी राजस्थानातही आहे आणि नागली कर्नाटकातही.

सरकारी नावांपासून सावध राहा. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने विभागीय परिषदा आल्या आणि महाराष्ट्र पश्चिम परिषदेत आहे, हा पश्चिम गटाचा पक्का आधार. पण सांस्कृतिक केंद्रांत महाराष्ट्र उदयपूरच्या पश्चिम केंद्रातही आहे आणि नागपूरच्या दक्षिण मध्य केंद्रातही. दुलीप करंडकात विदर्भ मध्य विभागाकडून खेळतो. नाशिकरोड मध्य रेल्वेवर, नंदुरबार पश्चिम रेल्वेवर, नांदेड दक्षिण मध्य रेल्वेवर. पुण्याच्या मुख्यालयातून चालणाऱ्या लष्कराच्या दक्षिण कमांडखाली राजस्थानचा भागही येतो. ही नावं कामकाजाच्या सोयीची आहेत. संस्कृतीचा पुरावा म्हणून ती वापरली तर अध्यक्षाने कार्ड बाजूला ठेवावं.

वेळ अशी वाटा: निकष आणि साल ठरवायला १५ मिनिटं, प्रत्येक गटाला मांडणीसाठी १० आणि प्रश्नोत्तरांसाठी १०, उरलेला वेळ कार्डं उलटून पाहायला. एका गटाचं कार्ड दुसऱ्यालाही लागू पडत असेल तर ते मधल्या ढिगात टाका. टेबलावर भारताचा कोरा नकाशा ठेवा. प्रत्येक टिकलेल्या कार्डाची रेघ पारदर्शक ट्रेसिंग पेपरवर वेगळ्या रंगाने काढा आणि कागद एकावर एक ठेवा. रेघा क्वचितच एकावर एक बसतात. त्या जिथे दाट होतात तिथे पेन्सिलने खूण करा.

निकाल हात वर करून घेऊ नका. तो वाक्यात लिहा, निकषासकट आणि सालासकट: ‘शालिवाहन शक पाहता आजचा महाराष्ट्र दक्षिणेशी जुळतो, लग्नाच्या रूढींत तो मधे आहे, विभागीय परिषदेत पश्चिमेत.’ खाली मधल्या ढिगातली कार्डं नावानिशी नोंदवा, म्हणजे पुढच्या वेळी तीच कार्डं पुन्हा नव्याने कुणी पुढे करणार नाही.