छोटा टेरियर आणताय? ही यादी, आणि तिच्यात दात

छोटा टेरियर आणायचं ठरलं की लोक आधी नाव शोधतात, मग गादी, मग फोटोसाठी गळ्यात बांधायचा रुमाल. तेवढं तुमचं तुम्ही बघा. मागच्या वेळी माझ्या यादीत बाकी सगळं होतं, फक्त दात घासायचा ब्रश नव्हता. कुत्र्याचे दात कुणी घासतं का, हा माझा समज. कुत्र्याला भूल देऊन दाढा काढायची वेळ आली तेव्हा तो समज गेला. म्हणून या यादीत दात जागोजागी येतील. कंटाळा आला तरी तेवढं टाळून पुढे जाऊ नका.

पहिलं काम म्हणजे कोणता टेरियर ते ठरवणं, आणि ते फोटो बघून ठरवू नका. ही कुत्री उंदीर मारायला आणि कोल्ह्यामागे बिळात शिरायला तयार केली गेली. बिळात गेलेल्या कुत्र्याला वरून हुकूम देता येत नाही. आत काय करायचं ते त्याचं त्यानं ठरवायचं, माती उकरत पुढे जायचं आणि भुंकून वरच्या माणसांना आपण कुठे आहोत ते कळवायचं. म्हणजे भुंकणं, उकरणं आणि हाक मारल्यावर यायचं की नाही याचा आधी विचार करणं, या तिन्हींसाठी पिढ्यान्‌पिढ्या पिल्लं निवडली गेली आहेत. हे चालणार नसेल तर इथेच थांबा. घरात ससा, हॅमस्टर किंवा पक्षी असेल तरी थांबा. "लहानपणापासून एकत्र वाढवू" हे मी खूप जणांकडून ऐकलं आहे, आणि माझा त्यावर विश्वास नाही.

यॉर्कशायर टेरियर, म्हणजे यॉर्की, यातला सगळ्यात चिमुकला, जातीच्या मानकात वजनाची मर्यादा ३.२ किलो. पिल्लू काळं-तांबूस जन्मतं, पाठीवर पोलादी निळा रंग यायला दोन-तीन वर्षं लागू शकतात, तेव्हा पिल्लाच्या रंगावरून हुज्जत घालू नका. जॅक रसेल २५ ते ३० सेंटीमीटर उंच, वजन पाच-सहा किलो, दम मात्र कितीतरी मोठ्या कुत्र्याचा. जॉन रसेल नावाच्या इंग्लिश पाद्र्यानं एकोणिसाव्या शतकात शिकारीसाठी असे टेरियर घडवले. घोडेस्वारांबरोबर दिवसभर पळण्यासाठी बनलेलं कुत्रं संध्याकाळच्या एका फेरीत दमत नाही, आणि न दमलेला जॅक रसेल सोफ्याचा कापूस काढतो. वेस्टी, म्हणजे वेस्ट हायलँड व्हाइट टेरियर, साधारण २८ सेंटीमीटर, गमत्या स्वभावाचा, पण त्वचेच्या अ‍ॅलर्जीला फार लवकर बळी पडतो. आईबापांना खाजेचा त्रास आहे का हे विचारल्याशिवाय पिल्लाला हात लावू नका, कारण हात लावल्यावर विचारायचं सुचत नाही. केर्न, बॉर्डर, नॉरफोक, नॉर्विच हे राठ केसांचे आणि काटक. शेवटच्या दोघांत गोंधळ झाला तर कान बघा, नॉरफोकचे दुमडलेले, नॉर्विचचे उभे. स्कॉटिश टेरियरमध्ये मूत्राशयाच्या कर्करोगाचं प्रमाण इतर जातींपेक्षा बरंच जास्त असतं. त्याच्या लघवीत रक्त दिसलं तर दोन दिवस वाट बघायची नसते.

'टीकप', म्हणजे कपात मावेल इतकं चिमुकलं कुत्रं, अशी कुठली जात नाही. कुणी त्या नावानं पिल्लू दाखवलं तर निघून या. इतक्या लहान पिल्लाची रक्तातली साखर एखादं जेवण चुकलं तरी घसरू शकते. शिवाय दात. मोठ्या कुत्र्याला ४२ दात आणि चिमुकल्या टेरियरलाही ४२च, जबडा मात्र दोन बोटांत मावणारा. दात दाटीवाटीनं, वाकडे येतात, मध्ये अन्न अडकतं, हिरड्या सुजतात. लहान जातींत हिरड्यांचे आजार जास्त दिसण्याचं हे एक मोठं कारण आहे.

पिल्लू बघायला जाल तेव्हा आई बघायला मिळालीच पाहिजे. "ती दुसरीकडे आहे" असं उत्तर आलं तर पुढे बोलणं नको. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू घेऊ नका. डोळे, नाक, कान, चाल हे तुम्ही बघालच. कागद मागा: गुडघ्याची वाटी सरकते का याची तपासणी सगळ्यांचीच, जॅक रसेल असेल तर डोळ्यातलं भिंग जागेवरून सरकण्याच्या आजाराची जनुकीय चाचणी आणि ऐकण्याची चाचणी, यॉर्की असेल तर यकृताला वळसा घालून जाणाऱ्या रक्तवाहिनीबद्दल प्रश्न. प्रश्न विचारल्यावर विकणारा चिडला तर ते तुमचं उत्तर. मग ओठ उचला. वरचे पुढचे दात खालच्या दातांवर जेमतेम बसायला हवेत, आणि खालचे सुळे टाळूत रुतत नाहीत ना हे बघा. पिल्लाचं तोंड बघून झालं की आईचं बघा, तिच्या तोंडाचा वास घ्या. विचित्र दिसेल, दिसू द्या. आईच्या दाढांवर तपकिरी थर असेल तर या घरात दातांकडे कुणी बघत नाही हे कळलं. मोठा झालेला टेरियर दत्तक घेत असाल (जरूर घ्या, स्वभाव आधीच कळलेला असतो) तर पहिल्या खर्चात दातांची तपासणी धराच.

आता सामान. वाट्या, गादी, खेळणी, पिंजरा: घ्या. गळ्यातला पट्टा फक्त नाव-नंबर लटकवायला, फिरवायला हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा. यॉर्कीसारख्या जातींत श्वासनलिकेच्या कूर्चा कमकुवत असतात आणि पट्ट्याचा हिसका तिथेच बसतो. हंसाच्या ओरडण्यासारखा कोरडा, ठसकेदार खोकला ऐकू आला तर डॉक्टरकडे जा. बारीक तारांचा स्लिकर ब्रश, स्टीलचा कंगवा, नखं कापायची कात्री आणि नख खोल कापलं गेल्यास रक्त थांबवायची पूड. दात घासायचा ब्रश, लहान डोक्याचा आणि मऊ, बाळांचाही चालतो. कुत्र्यांची पेस्ट. माणसांची अजिबात नाही. कुत्रं चूळ भरत नाही, सगळं गिळतं, आणि आपल्या काही पेस्टमध्ये झायलिटॉल नावाचं गोडी आणणारं द्रव्य असतं जे कुत्र्याला थोड्या प्रमाणातही विषारी आहे. ब्रश यादीत लिहिला का? आत्ता लिहा.

घरात वायरी उचला, औषधं वर ठेवा. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण त्याच्या तोंडाला लागता कामा नये. कुंपण असेल तर त्याच्या बुडाशी जाळी जमिनीत पुरा. उडी मारून जाणाऱ्या टेरियरपेक्षा खालून जाणारे मी जास्त बघितले आहेत.

पहिले आठवडे. लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी असतात. तारखा डॉक्टर देतील, जंताच्या औषधाच्याही. माणसं, आवाज, जिने, छत्र्या, झाडू, सगळ्याची ओळख याच काळात करून द्या, कारण साधारण चौदाव्या आठवड्यानंतर ही दारं हळूहळू बंद होतात. लसी पूर्ण झाल्या नसतील तर उचलून न्या, पण न्या.

आणि पहिल्या दिवसापासून तोंडाला हात. ब्रश घेऊन तुटून पडू नका. आधी नुसता ओठ उचलायचा, सोडायचा, खाऊ द्यायचा. मग बोटावर पेस्ट, ती चाटू द्यायची. मग बोटाला गॉजचा तुकडा गुंडाळून हिरडीवरून फिरवायचा. मग ब्रश. तोंड उघडायची गरज नसते. ओठ वर करून दातांची बाहेरची बाजू घासायची, विशेषतः वरच्या मागच्या दाढा, कारण थर तिथे आधी बसतो. आतली बाजू जीभ बऱ्यापैकी साफ करते. एका बाजूला अर्धं मिनिट मिळालं तरी खूप. रोज. आठवड्यातून एकदा नाही, रोज, कारण दातांवरचा मऊ थर दोन-तीन दिवसांत कडक होतो आणि एकदा टार्टर झालं की तुमचा ब्रश त्याचं काही करू शकत नाही.

दुधाचे दात २८. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून पडू लागतात, सहा-सात महिन्यांपर्यंत सगळे बदलायला हवेत. छोट्या टेरियरमध्ये, यॉर्कीत तर फारच, दुधाचा सुळा पडत नाही आणि नवा त्याच्या शेजारीच उगवतो. दोन सुळे खेटून उभे दिसले तर "पडेल की" म्हणू नका. मधल्या फटीत घाण साचते आणि नवा दात वाकडा येतो. तो काढून घ्यावा लागतो. नसबंदी त्याच सुमारास असेल तर एकाच भुलीत दोन्ही उरकतात. डॉक्टरांना तुम्ही आठवण करा.

केसांचं काम जातीगणिक वेगळं आहे आणि इथे सगळ्यात जास्त चुकीची माहिती फिरते. यॉर्कीचे केस रेशमी, आपल्यासारखे वाढत राहणारे. वरवर ब्रश फिरवला की छान दिसतात आणि खाली कातडीलगत जट झालेली असते. केसांचे थर बाजूला करत कंगवा मुळापर्यंत गेला पाहिजे: कानामागे, काखेत, मांडीच्या आत, हार्नेस घासतो तिथे. विंचरणं अंघोळीच्या आधी, कारण ओला गुंता आवळत जातो. रोज जमणार नसेल तर केस आखूड कापून घ्या. कुत्र्याला प्रदर्शनात जायचं नाहीये.

राठ केसांच्यांचं उलटं. केर्न, बॉर्डर, नॉरफोक यांचा वरचा केस वाढून मेला की तो मुळातून सुटायला तयार होतो, आणि बोटांनी किंवा स्ट्रिपिंगच्या चाकूनं थोडे थोडे केस उपटून काढतात, यालाच स्ट्रिपिंग म्हणतात. खरोखर पिकलेला केस काढताना कुत्र्याला दुखत नाही, हिसका द्यावा लागत असेल तर अजून वेळ आहे. मशीन फिरवली तर मेलेला केस मुळाशी तसाच राहतो, काही खेपांनंतर अंगावरचा राठपणा जातो, रंग फिका पडतो. घरच्या कुत्र्याला मशीन चालते, गुन्हा नाही, पण ठरवून करा. दुकानात नेऊन "जरा कापून द्या" म्हणालात की मशीनच फिरणार. स्ट्रिपिंग करणारा माणूस सापडणं अवघड असतं, म्हणून कुत्रं आणण्याआधी शोधा. आणि आखूड केसांचा जॅक रसेल म्हणजे काम नाही असं समजणाऱ्यांनी काळे कपडे घालणं सोडावं. ते छोटे पांढरे केस कापडात शिरून बसतात, वर्षभर गळतात.

शाम्पू कुत्र्यांचाच. वेस्टीला वारंवार अंघोळ घालू नका, डॉक्टरांनी त्वचेसाठी सांगितली असेल तर गोष्ट वेगळी. पंजांच्या गाद्यांमधले केस कापा, डोळ्यांत जाणारे कापा, यॉर्कीच्या कानांच्या टोकांवरचे कापा म्हणजे कान उभे राहतात. नखं जमिनीवर वाजायला लागली की उशीर झालेला असतो. दाढी जेवणानंतर पुसा. या दाढीचा एक तोटा सांगतो: तिच्यामागे दात लपतात. केस विंचरताना सगळं अंग डोळ्यांखालून जातं, फक्त ओठ कुणी उचलत नाही. कंगवा खाली ठेवलात की ओठ उचला, दर वेळी. हिरडीच्या कडेला लाल रेघ, कुबट वास, एका बाजूनं चावणं, सारख्या शिंका, डोळ्याखाली सूज, यातलं काहीही दिसलं तर डॉक्टर. डोळ्याखालची सूज डोळ्याची असेल असं वाटतं, पुष्कळदा ती वरच्या मोठ्या दाढेच्या मुळाशी झालेला पू असतो. आणि भूल न देता दात खरवडून पांढरे करून देणाऱ्यांच्या नादी लागू नका. दिसणारा भाग चकचकीत होतो, हिरडीखालचं सगळं तसंच राहतं. शिंगं, खूर, कडक हाडं चघळायला देणं बंद. नख रुतत नाही इतकी कडक वस्तू दाढ फोडते.

बाकीचं भराभर. फिरणं रोज, पावसातही, जॅक रसेलला तासाहून कमी नको, सोबत वास शोधायचे खेळ. मोकळ्या जागी लांब दोरी, कारण मांजर दिसलं की बोलावणं ऐकू येत नाही. शिकवणी पाच-पाच मिनिटांची, ओरडून काही होत नाही. खाणं मोजून, तीन किलोच्या कुत्र्याला तुमचा एक घास म्हणजे जेवण, आणि वाढलेलं वजन श्वासनलिका आणि गुडघे दोन्हींवर येतं. गोचिड-पिसवांचं औषध वजनानुसार. वर्षातून एकदा पूर्ण तपासणी, सात-आठ वर्षांनंतर दोनदा, रक्त तपासून आणि तोंड उघडून. ही कुत्री बारा-पंधरा वर्षं सहज जगतात, तेवढा हिशेब आधी करा.

गावाला जाणार असाल तर सांभाळणाऱ्याला कागदावर लिहून द्या: किती खातो, कोणतं औषध, डॉक्टरांचा नंबर, दार उघडताना आधी हार्नेस, ब्रश कुठे ठेवलाय. नुसतं तोंडी सांगू नका, लोक विसरतात.