मुठी आवळल्या म्हणजे पात्र उभं राहिलं असं नाही

कथेतलं प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष व्यक्तिचित्रण काय असतं ते तुम्हाला माहीतच असणार. एकात निवेदक सरळ सांगून टाकतो, "सुमन चिकट होती", दुसऱ्यात ते तिच्या बोलण्यावागण्यावरून, मनातल्या विचारांवरून, ती आली की बाकीचे कसे गप्प होतात त्यावरून आपल्याला कळतं. इथवर सोपंय. लोचा पुढे आहे आणि मी स्वतः त्यात अजून अडकतो, म्हणून जरा लांबण लावतोय.

नवीन लिहिणाऱ्याला कोणीतरी हमखास सांगतं, सांगू नका, दाखवा. मग तो "त्याला राग आला" खोडतो आणि "त्याने मुठी आवळल्या" लिहितो आणि वाटतं झालं. अहो, राग आल्यावर मुठी कोणीही आवळेल! त्या क्षणी काय वाटतंय एवढंच कळलं, माणूस कसा आहे ते कुठे कळलं? पानंच्या पानं ओठ चावणं, सुस्कारे, भुवया, आणि पात्र तरीही कोरं. स्वभाव दिसतो तो माणूस काय निवडतो त्यात. साहेब सगळ्यांसमोर बोलला. एक जण तिथेच राजीनामा लिहितो, दुसरा "हो सर" म्हणून हसतो आणि घरी जाऊन मुलाच्या प्रगतीपुस्तकावर घसरतो, तिसरा त्याच साहेबाच्या वाढदिवसाची वर्गणी गोळा करायला सगळ्यात पुढे. मुठी तिघांच्याही आवळलेल्या असतील. म्हणून लिहिलेली कृती दुसऱ्या पात्राच्या नावावर टाकून बघा, तशीच खपली तर काढा, दया नको.

आणि एका कृतीवर थांबू नका. सुमन गिफ्टची चिकटपट्टी नखाने सोडवते, कागदाची घडी घालते, मगच आत काय आहे ते बघते. ही चिकट का नुसती नीटनेटकी? पुढे दुसऱ्याच्या लग्नात तोच कागद आणि आत तेच गिफ्ट निघालं की मिटलं.

पण घाबरून सगळंच दाखवत बसू नका हां. इंग्लिश समीक्षक पर्सी लबकने १९२१ साली दाखवण्याची बाजू लावून धरली, पण १९६१ मध्ये अमेरिकन समीक्षक वेन बूथने मांडलंच की लेखक कितीही लपला तरी पूर्ण गायब होऊ शकत नाही. हे बूथचं म्हणणं शिकवणारे सांगत नाहीत, त्यांना नियम हवा असतो. दोन ओळींत येऊन जाणाऱ्या पात्राला "चिडका" एवढं बास. पहिल्या ड्राफ्टात तर बिनधास्त सरळ लिहा, आधी तुम्हाला कळायला पाहिजे ना. फक्त ते पात्राचा आवडता रंग, रास, रक्तगट भरायचे तक्ते नकोत, वेळ जातो, कथा हलत नाही.

माझा लाडका प्रकार म्हणजे "चिकट" हा शब्द निवेदकाऐवजी सुमनच्या जावेच्या तोंडी घालायचा. सुमनबद्दल सरळ विधान झालं आणि जाऊ कशी आहे तेही आपोआप दिसलं. यात जाऊ खरं बोलतेय की जळतेय हे मात्र तुमचं आधी ठरलेलं असू द्या, वाचकाला उशिरा कळलं तरी चालतंय.