बटण दाबलं तरी पीडीएफ उतरत नव्हती

कपॅसिटरवर, म्हणजे वेबच्या कोडपासून मोबाइल ॲप बनवणाऱ्या साधनावर, बांधलेलं आमचं ॲप. ब्राउझरमध्ये 'पावती डाउनलोड करा' दाबलं की फाइल मुकाट्याने उतरायची. अँड्रॉइड फोनवर मात्र ढिम्म. एरर नाही, काही नाही.

कारण शेवटी साधं निघालं. आम्ही ब्लॉब (कोडनेच मेमरीत बनवलेली फाइल) तयार करून अँकर टॅगच्या, म्हणजे वेबपेजवरच्या लिंकच्या, डाउनलोड ॲट्रिब्यूटवर विसंबलो होतो. ॲपच्या आत वेबपेज दाखवणारा वेबव्ह्यू म्हणजे पूर्ण ब्राउझर नव्हे. डाउनलोडचं काम ॲपनेच करायचं असतं. अँड्रॉइडच्या डाउनलोड मॅनेजरकडे सोपवावं, तर तो फक्त एचटीटीपी आणि एचटीटीपीएस पत्तेच घेतो. ब्लॉबचा पत्ता दिला की हात वर!

मग फोनवर फाइल लिहिणारं कपॅसिटरचं फाइलसिस्टम प्लगइन घेतलं. ब्लॉबचं बेस६४ (फाइलचा डेटा साध्या अक्षरांत मांडण्याची पद्धत) करून त्याच्या राइटफाइल फंक्शनला दिलं. फाइल दिसली, पण उघडेना. मूळ ३०० केबीची पावती ४०० केबीची झाली होती. एक तृतीयांश वाढ म्हणजे बेस६४ जसंच्या तसं मजकूर म्हणून लिहिलं गेलंय, हे तेव्हा डोक्यात आलं. सवयीने एन्कोडिंगला यूटीएफ-८, म्हणजे 'हा मजकूर आहे' असं सांगणारा पर्याय, दिला होता. तो पर्याय काढला, तसं प्लगइनने बेस६४ उलगडून मूळ फाइल लिहिली आणि पावती उघडली. एका शब्दापायी अख्खी दुपार गेली.

राहिला प्रश्न जागेचा. अँड्रॉइड १० पासून स्टोरेजचे नियम कडक झालेत, त्यामुळे परवानग्यांच्या नादी लागलोच नाही. फाइल ॲपच्या कॅशे (तात्पुरत्या) डिरेक्टरीत लिहितो आणि शेअर प्लगइनने पुढे करतो. कुठे ठेवायची ते वापरणारा ठरवतो. आयफोनवरही हाच कोड चालला.