व्हीएम भलत्याच डिस्कवरून बूट होतेय? या चुका टाळा

व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा आभासी कॉम्प्युटर) चालू केली की "नो बूटेबल डिव्हाइस" येऊन थांबते, नाहीतर ओएस इन्स्टॉल होऊनसुद्धा परत इन्स्टॉलरच उघडतो, आणि मग बरेच जण डिस्क करप्ट झाली असं धरून सगळं पहिल्यापासून करायला बसतात. जरा थांबा. बहुतेक वेळा डिस्क धडधाकट असते, पण आधी कुणाकडे बघायचं हे दोन ठिकाणी लिहिलेलं असतं, एक हायपरवायझरच्या (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) सेटिंगमध्ये आणि दुसरं फर्मवेअरकडे (ओएसच्या आधी चालून बूट सुरू करणाऱ्या प्रोग्रामकडे), आणि आपण त्यातलं एकच बदलत बसतो.

पहिली चूक म्हणजे ऑर्डर सांगायच्या दोन पद्धती मिसळणं. क्यूईएमयूमध्ये (हा व्हीएम चालवणारा प्रोग्राम) जुन्या पद्धतीत अक्षरं द्यायची, सी म्हणजे हार्ड डिस्क, डी म्हणजे सीडी, एन म्हणजे नेटवर्क. नवीन पद्धतीत प्रत्येक डिव्हाइसला बूटइंडेक्स द्यायचा, आकडा जितका लहान तितका त्याचा चान्स आधी. दोन्ही एकदम देऊ नका, कारण फर्मवेअर सहसा दोन्ही एकत्र पाळत नाही. लिबव्हर्ट (व्हीएम सांभाळणारं टूल) तर व्हीएमच्या कॉन्फिगमधल्या ओएस सेक्शनमधलं बूट आणि डिव्हाइसमधलं बूट ऑर्डर एकत्र दिसलं की सरळ एररच देतं. डिस्क दोन-तीन असतील तर डिव्हाइसवार आकडे द्या, नुसतं "एचडी" लिहून कुठली एचडी ते कसं कळणार?

प्रॉक्समॉक्सवाल्यांनी (हाही व्हीएम चालवायचा प्लॅटफॉर्म) डिस्क इंपोर्ट करून जोडल्यावर ऑप्शन्समध्ये जाऊन बूट ऑर्डरमध्ये तिला टिक आहे का बघायचं, ती आपोआप येईल असं धरून चालू नका. आणि ऑर्डर कमांडने देत असाल तर डिव्हाइसांच्या मध्ये सेमीकोलन असतो, तो कोट्समध्ये ठेवला नाही तर शेल कमांड तिथेच तोडतो, पहिलंच डिव्हाइस सेट होतं आणि बाकीची गायब.

सीबायोस (व्हीएमसाठीचं जुन्या बायोस पद्धतीचं फर्मवेअर) वापरत असाल तर एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. तो डिस्कचा पहिला ५१२ बाइट्सचा सेक्टर वाचतो, शेवटी ५५एए ही सही दिसली की कंट्रोल त्या कोडला देऊन मोकळा होतो. म्हणजे कोरी डिस्क तो ओलांडून पुढे जातो, पण जिच्यावर जुना अर्धवट बूटलोडर पडलाय तिच्यावर अडकला की अडकला, पुढच्या डिव्हाइसचा नंबर बहुधा लागतच नाही.

खरा घोळ यूईएफआयमध्ये, म्हणजे बायोसच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीच्या फर्मवेअरमध्ये, होतो. तिथे बूट एंट्रीज एनव्हीरॅममध्ये (फर्मवेअरच्या सेटिंग टिकवणाऱ्या मेमरीत) असतात, आणि व्हीएमसाठी एनव्हीरॅम म्हणजे डिस्कपेक्षा वेगळी एक छोटी फाईल. एंट्रीत पार्टिशनचा जीयूआयडी (त्याचा एकमेव ओळख क्रमांक) आणि लोडर फाईलचा (ओएस सुरू करणाऱ्या फाईलचा) पाथ असतो. तुम्ही फक्त डिस्क कॉपी करून नवीन व्हीएमला लावली की एंट्री मागेच राहते, मग ओव्हीएमएफ (व्हीएमसाठीचं यूईएफआय फर्मवेअर) ईएफआय फोल्डरच्या आतल्या बूट फोल्डरमध्ये बूटएक्स६४ नावाची डिफॉल्ट फाईल शोधतं आणि ती नसेल तर तुम्ही पीएक्सई (नेटवर्कवरून बूट) नाहीतर यूईएफआय शेलमध्ये (फर्मवेअरच्या कमांड लाइनवर) पोचता. घाबरू नका, फर्मवेअरच्या सेटिंगमधल्या बूट मेंटेनन्स मॅनेजरमध्ये "बूट फ्रॉम फाईल" घ्या, ईएफआय पार्टिशनमधली लोडर फाईल हाताने निवडा, लिनक्स वर आलं की ग्रब-इन्स्टॉल ही बूटलोडर बसवायची कमांड रिमूव्हेबल ऑप्शनने चालवा, म्हणजे डिफॉल्ट जागीही लोडर बसतो. पुढच्या वेळी डिस्कसोबत व्हार्सवाली फाईलही (तीच एनव्हीरॅमची छोटी फाईल) न्या, पण दोन व्हीएमना एकच व्हार्स फाईल कधीच लावू नका. आणि डिस्क मुळात बायोस मोडमध्ये इन्स्टॉल झालेली असेल तर ऑर्डर कितीही बदला, यूईएफआयला तिच्यावर बहुतेक काही सापडणारच नाही. हायपर-व्हीमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या हायपरवायझरमध्ये) म्हणूनच जनरेशन १ (बायोस) की २ (यूईएफआय) हे आधीच नीट ठरवा, नंतर बदलता येत नाही.

अजून एक, गेस्टच्या (व्हीएममधल्या ओएसच्या) आतून इएफआयबूटएमजीआर या लिनक्स कमांडने ऑर्डर बदलली आणि रीबूटनंतर ती परत जुनीच दिसली तर बूटइंडेक्स तपासा. तो दिलेला असेल तर ओव्हीएमएफ दर वेळी त्याप्रमाणे यादी पुन्हा लावतं, त्यामुळे बदल हायपरवायझरमध्येच करायला हवा. तोही केल्यावर आतून रीस्टार्ट करून भागत नाही, व्हीएम पूर्ण बंद करून परत चालू करा.

शेवटी, फर्मवेअरच्या ऑर्डरवरून लिनक्समधली एसडीए, एसडीबी ही डिस्कची नावं ठरत नाहीत, ती कर्नल स्वतः देतो आणि ती बदलू शकतात, तेव्हा एफएसटॅबमध्ये (कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं ते सांगणाऱ्या फाईलमध्ये) यूयूआयडीच (न बदलणारा ओळख क्रमांक) लिहा.