शोध लागलाय, आता उत्पादन काढायचंय? या चुका टाळा

संशोधक मंडळी आपला शोध बाजारात नेण्याच्या बेताने भेटायला येतात, तेव्हा हल्ली पहिल्या अर्ध्या तासातच अंदाज येतो की गाडी कुठे अडणार. विषय दरवेळी नवा असतो, कधी बॅटरी, कधी निदानाची चाचणी, कधी एखादा लेप. चुका मात्र त्याच त्या. हुशार आणि कष्टाळू माणसांची उमेदीची वर्षं अशी वाया जाताना बघवत नाहीत, म्हणून हे लिहितोय. सगळ्या चुकांना सारखी जागा देणार नाही. दोन चुका बाकीच्यांपेक्षा कितीतरी महाग पडतात, त्यांच्याबद्दल सविस्तर सांगतो, उरलेल्या थोडक्यात.

एकाच्या हाताला जमलं म्हणजे पद्धत तयार झाली, असं समजणं

"आमचा नमुना चालतो," असं कुणी म्हणालं की मी विचारतो, कुणी केला तर चालतो? बहुतेक वेळा उत्तरात एकच नाव येतं.

एका गटाने पाणी गाळायच्या पटलावर द्यायचा सोल-जेल पद्धतीचा, म्हणजे द्रावण हळूहळू घट्ट होत जाऊन बसणारा, लेप तयार केला होता. त्या लेपामुळे पटल लवकर तुंबत नसे. आकडे उत्तम होते, शोधनिबंध छापून आला होता आणि एका कंपनीने चाचणीसाठी मोठ्या आकाराची पटलं मागितली होती. लेपाचं सगळं काम एक विद्यार्थिनी करायची. तिची पीएचडी झाली, नोकरी लागली, ती गेली. तिच्या जागी आलेल्या मुलाने वहीतली कृती शब्दशः केली, तर लेपाचे पोपडे निघायला लागले. मग काही महिने नुसती शोधाशोध. रसायनाची नवी बाटली खराब असेल, पुरवठादाराने माल बदलला असेल, हवा दमट असेल, मुलाचा हातच नीट नसेल. त्या मुलाने फार ऐकून घेतलं, आणि त्याचा दोष काडीचाही नव्हता.

मला बोलावलं तेव्हा मी एवढंच सुचवलं की तिला एक-दोन दिवस बोलवा, काही विचारू नका, नेहमीसारखं काम करू द्या आणि बाजूला उभं राहून मोबाइलवर चित्रण करा. ती सुट्टी काढून आली. संध्याकाळी द्रावण तयार केलं, झाकून ठेवलं आणि निघाली. लेप दिला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. वहीत लिहिलं होतं, "द्रावण तयार करून लेप द्यावा." लेप द्यायच्या यंत्रावर तिची पाळी सकाळची असायची, म्हणून द्रावण आदल्या संध्याकाळी करून ठेवायची तिला सवय लागली होती. ही कृतीतली एक पायरी आहे, असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. नवा मुलगा द्रावण झाल्याबरोबर वापरत होता. सोल-जेलमध्ये कणांचं जाळं हळूहळू विणलं जातं. ताजं द्रावण आणि रात्रभर मुरलेलं द्रावण ही दोन वेगळी द्रावणं असतात.

चित्रणात आणखी एक गोष्ट दिसली. लेप दिलेला प्रत्येक तुकडा ती उजेडात तिरका धरून बघायची आणि ज्याची चमक एकसारखी नसेल तो बाजूला टाकायची. टेबलाच्या कडेला अशा तुकड्यांची चांगली चळत लागली होती. शोधनिबंधातले आकडे उरलेल्या तुकड्यांचे. यात लबाडी नव्हती. लेप काम कसा करतो हे समजून घ्यायचं असेल तर नीट बसलेला तुकडाच तपासायला हवा. पण कारखान्याचा सगळा हिशेब शंभरातले किती चांगले निघतात यावर उभा असतो, आणि तो आकडा कुणी मोजलाच नव्हता. हे सगळं उलगडेपर्यंत त्या कंपनीने दुसरीकडून पटलं घेतली होती.

तेव्हापासून माझा एक हट्ट आहे. मोठ्या यंत्राची ऑर्डर द्यायच्या आधी, ज्याने ही वस्तू कधी केलेली नाही अशा माणसाच्या हातात लिहिलेली कृती द्यायची, आणि शोध लावणाऱ्याने दुसऱ्या खोलीत बसायचं. फोनही घ्यायचा नाही. वस्तू बिघडली तर माणसाला बोल लावायचा नाही, कृती दुरुस्त करायची. ते जमलं की वेगळ्या पुरवठादाराचा, साध्या औद्योगिक दर्जाचा माल आणून पुन्हा करायचं. टाकून दिलेला प्रत्येक तुकडा मोजायचा आणि तो का टाकला हे लिहायचं. यात वेळ जातो. नव्याने आलेल्या मंडळींना हे कंटाळवाणं वाटतं, "आपण थेट पायलट प्लांटवरच (म्हणजे चाचणीच्या छोट्या कारखान्यात) बघू ना," असं ते म्हणतात. प्रयोगशाळेत अर्ध्या दिवसात सापडणारी चूक पायलट प्लांटवर सापडायला महिना लागतो आणि खर्चाला तर धरबंधच राहत नाही. या शॉर्टकटच्या मी पूर्णपणे विरोधात आहे.

मोठ्या प्रमाणावर करणं हे स्वतंत्र संशोधन असतं, हे पटत नसेल तर पेनिसिलिनकडे बघा. फ्लेमिंग यांनी ते १९२८ मध्ये पाहिलं. १९४० मध्ये फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी ऑक्सफर्डला उंदरांवर त्याचा गुण दाखवला. बुरशी वाढवायला भांडी पुरेनात म्हणून रुग्णालयातली शौचपात्रंसुद्धा वापरली. १९४१ मध्ये एका पोलीस शिपायाला ते टोचलं. तो सुधारू लागला, पण औषध संपत आलं. त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत मिळवून पुन्हा टोचलं तरी पुरलं नाही, आणि तो दगावला. औषध गुणकारी होतं, ते पुरेसं तयार करता येत नव्हतं. पुढे अमेरिकेत पिओरियाच्या प्रयोगशाळेत मका भिजवून उरलेलं दाट पाणी खाद्य म्हणून वापरल्यावर उत्पादन वाढलं, एका खरबुजावर जास्त पेनिसिलिन देणारी बुरशी मिळाली, खोल टाक्यांत ती वाढवायची पद्धत बसली, आणि १९४४ पर्यंत आघाडीवरच्या सैनिकांना पुरेल इतका साठा झाला. हे काम वेगळ्या माणसांनी, वेगळ्या कौशल्यांनी केलं.

सपाट काचेच्या फ्लोट पद्धतीचंही तसंच. ॲलिस्टर पिल्किंग्टन यांना वितळलेल्या कथिलावर काच तरंगवायची कल्पना १९५२ मध्ये सुचली आणि ती जाहीर व्हायला १९५९ उजाडलं. मधल्या काळात पूर्ण आकाराचा कारखाना १४ महिने विकण्यालायक नसलेली काच काढत होता. "सहा महिन्यांत स्केल-अप" असं लिहिलेला आराखडा समोर आला की मला हे १४ महिने आठवतात.

जाता जाता एक. नासाने सुरू केलेली तंत्रज्ञान-सज्जतेची नऊ पायऱ्यांची मोजपट्टी, म्हणजे टीआरएल, सगळेच वापरतात आणि सगळेच स्वतःला दोन-तीन पायऱ्या वर चढवतात. प्रयोगशाळेत चाललं तर ती चौथी पायरी. सातवी म्हणजे प्रत्यक्ष वापराच्या ठिकाणी नमुना चालवून दाखवला. निधीच्या अर्जात चारचे सात केले की पुढचं वेळापत्रक पहिल्या दिवसापासूनच चुकलेलं असतं.

जाहीर आधी, पेटंट नंतर

परिषदेतलं पोस्टर, ग्रंथालयात ठेवलेला प्रबंध, संकेतस्थळावर टाकलेला निबंध, गोपनीयतेच्या कराराशिवाय दिलेलं व्याख्यान, हे सगळं जाहीर करणंच झालं. अमेरिकेत त्यानंतर एक वर्षाची सवलत मिळते. युरोपात ती जवळपास नाहीच. म्हणून आधी अर्ज, मग व्याख्यान. पहिला अर्ज केल्यावर बाकीच्या देशांसाठी साधारण १२ महिने हातात असतात, आणि पीसीटीच्या, म्हणजे अनेक देशांसाठी एकच अर्ज करू देणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, मार्गाने गेलं तर देशोदेशीचा मोठा खर्च पहिल्या अर्जापासून ३० महिन्यांपर्यंत पुढे ढकलता येतो. हा वेळ ग्राहक शोधायला वापरा.

पेटंट कुणाच्या नावावर, हेही त्याच वेळी कागदावर आणा. शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ यांच्या ऑक्सफर्डमधल्या गटाने १९८० मध्ये लिथियम कोबाल्ट ऑक्साइड हा पदार्थ बॅटरीत वापरता येतो हा शोध प्रसिद्ध केला. ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्याचं पेटंट घेण्यात रस दाखवला नाही आणि हक्क दुसऱ्या संस्थेकडे गेले. १९९१ मध्ये सोनीने त्याच पदार्थावर आधारलेली बॅटरी बाजारात आणली. गुडइनफ यांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं, पण त्या पेटंटचा पैसा त्यांच्यापर्यंत आला नाही.

"छान आहे" म्हणणाऱ्याला ग्राहक समजणं

ही माझी दुसरी नावडती चूक. सर्वेक्षण केलं, शंभरातल्या नव्वदांना आवडलं, म्हणजे बाजार आहे, असं सांगत लोक येतात. समोर बसून उत्साहाने बोलणाऱ्या संशोधकाला तोंडावर "नको" म्हणायला माणसं संकोचतात. त्यातून "आवडलं का?" हा प्रश्न विचारला की उत्तर ठरलेलंच.

एका चमूने तपासणी प्रयोगशाळांसाठी उपकरण केलं होतं. नमुना तयार करायचं किचकट काम एका कार्ट्रिजमध्ये, म्हणजे वापरून टाकायच्या डबीत, आपोआप व्हायचं. तंत्रज्ञ अक्षरशः खूश होते, त्यांचा रोजचा तास-दीड तास वाचत होता. चमूने त्याच जोरावर उत्पादनाची तयारी केली. खरेदी बघणाऱ्या बाईंशी मात्र कुणीच बोललं नव्हतं. मी त्या बैठकीला होतो. त्यांनी शांतपणे दोन कागद समोर ठेवले. तंत्रज्ञांचे पगार एका खात्यातून जातात, ते माणूस कमी केल्याशिवाय कमी होत नाहीत, आणि माणसं कमी करायची नाहीत असं ठरलेलं. कार्ट्रिज दुसऱ्या खात्यात, त्यांच्या खात्यात. म्हणजे वाचलेला वेळ कुणाच्याच हिशेबात दिसत नव्हता आणि वाढलेला खर्च त्यांच्या नावावर चढत होता. उपकरणात खोट नव्हती. पण वापरणारा एक, सही करणारा दुसरा, आणि सही करणाऱ्याला त्यातून काहीच मिळत नव्हतं.

म्हणून मी नव्या चमूला पहिल्याच आठवड्यात एक कागद करायला लावतो. कोण वापरणार, कोण शिफारस करणार, कोण सही करणार, कुणाच्या खात्यातून पैसे जाणार, बिघडलं तर कोण दुरुस्त करणार, आणि ही वस्तू आल्यामुळे कुणाचं काम किंवा मान कमी होणार. शेवटच्या माणसाला कुणी धरत नाही आणि नेमका तोच अडवतो. मग या प्रत्येकाला भेटायचं आणि आपली वस्तू न दाखवता विचारायचं की हे काम आज कसं करता, मागच्या वेळी अडलं तेव्हा काय केलंत, त्याला किती खर्च आला. लोक भविष्याबद्दल सहज बोलतात. मागच्या महिन्यात काय केलं हे सांगताना मात्र खरं बाहेर येतं. त्यानंतर छोटी का होईना, पैसे घेऊन चाचणी. "घ्यायचा विचार आहे" अशी सह्या केलेली पत्रं मला दाखवू नका, त्यांना बंधन काहीच नसतं.

उलटही घडतं. चिकटून पुन्हा निघणाऱ्या पोस्ट-इट कागदांची १९७७ मधली पहिली विक्री-चाचणी थंड गेली, कारण वर्णन ऐकून गरज कुणाला कळतच नव्हती. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या बॉइसी शहरात कार्यालयांना फुकट नमुने वाटले, आणि वापरून पाहिलेल्यांपैकी बहुतेकांनी विकत घेऊ म्हटलं. वस्तू पूर्णपणे नवी असेल तर बोलण्यात वेळ घालवू नका, हातात द्या आणि ते पुन्हा मागतात का ते बघा.

किंमत खर्चावरून काढणं

प्रयोगशाळेतला खर्च फसवा असतो. तिथे विद्यार्थ्याचं मनुष्यबळ आणि अनुदानातलं यंत्र फुकटात मोजलं जातं. आणि किंमत म्हणजे फक्त आकडा नव्हे, पैसे कसे घ्यायचे हेही त्यात येतं. झेरॉक्सची पद्धत शोधणारे चेस्टर कार्लसन यांनी १९३८ मध्ये पहिली कोरडी (शाई न वापरता) प्रत काढली. झेरॉक्स ९१४ हे यंत्र आलं १९५९ मध्ये. ते विकत घेणं कार्यालयांना परवडलं नसतं, म्हणून कंपनीने महिना ९५ डॉलर भाड्याने दिलं. त्यात पहिल्या २००० प्रती धरलेल्या आणि पुढच्या प्रत्येक प्रतीला काही सेंट. यंत्र तेच, पण सही करणाऱ्याचा निर्णय सोपा झाला.

आणखी काही, थोडक्यात

प्रमाणपत्रांचं शेवटी बघू, असं म्हणू नका. चाचण्या झाल्यावर आवरणाचं प्लास्टिक बदललं तरी बऱ्याच चाचण्या पुन्हा कराव्या लागू शकतात.

आपला शोध सगळ्या क्षेत्रांत वापरायचा एकमेव परवाना एकाच कंपनीला देऊ नका. द्यायचाच तर ठरलेल्या मुदतीत ठरलेलं काम झालं नाही तर हक्क परत, हे कलम हवंच.

कंपनी सोडून गेलेल्याकडे मोठा हिस्सा अडकून पडू देऊ नका. हिस्सा कामाच्या वर्षांप्रमाणे टप्प्याटप्प्याने द्या.

विक्रीनंतरच्या सेवेचा विचार पहिल्या विक्रीआधी करा. सीटी स्कॅनर ब्रिटनमधल्या ईएमआय कंपनीत अभियंता हौन्सफील्ड यांनी घडवला, १९७१ मध्ये पहिल्या रुग्णाचं स्कॅन झालं. रुग्णालयांशी जुने संबंध आणि दुरुस्तीचं जाळं असलेल्या मोठ्या कंपन्या मागून आल्या आणि पुढे गेल्या. हौन्सफील्ड यांना १९७९ मध्ये नोबेल मिळालं, आणि त्याच सुमारास ईएमआय त्या धंद्यातून बाहेर पडत होती.

आणि एक, ज्यावर मी सगळ्यात जास्त वाद घातलेत. थांबायचं कधी, हे चाचणी सुरू व्हायच्या आधी लिहून ठेवा. शंभरातले इतके तुकडे चांगले निघाले नाहीत, किंवा पैसे देऊन चाचणी करणारे इतके ग्राहक या तारखेपर्यंत मिळाले नाहीत, तर हा मार्ग बंद. सगळ्यांच्या सह्या घ्या. निकाल हातात आल्यावर ही रेषा आखायला बसलात तर ती दरवेळी निकालाच्या एक बोट खालीच पडते.