रिजन्सी प्रेमकथेत जादू आणताय? या चुका टाळा

जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) ही रिजन्सीतली, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लंडमधली, प्रेमकथा जादूच्या जगात नेऊन लिहावी, असं अनेकांना वाटतं. त्यातले बरेचसे मसुदे एकाच जागी कोसळतात. जादू इतकी स्वस्त असते की कुणापुढे अडचणच उरत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे निरोपाचा आरसा. दुसऱ्याच प्रकरणात बहिणी आरशातून गप्पा मारायला लागतात. वाचायला गंमत वाटते, पण मूळ कथानक पत्रांच्या उशिरावर उभं आहे. नायिका एलिझाबेथ बेनेट घरापासून दूर, डर्बीशरमधल्या लॅम्टनला असताना तिला थोरली बहीण जेनची दोन पत्रं एकदम मिळतात. पहिल्यावरचा पत्ता जेननं इतका गिचमीड लिहिलेला असतो, की ते भलतीकडे जाऊन उशिरा पोचतं. धाकटी बहीण लिडिया विकम नावाच्या लबाड अधिकाऱ्याबरोबर पळून गेल्याचं एलिझाबेथ वाचते न वाचते तोच नायक डार्सी खोलीत येतो. एरवी जे तिनं त्याला कधीच सांगितलं नसतं, ते ती त्या धक्क्यात सांगून बसते. म्हणून तो लंडनला जातो, विकमचं हजार पौंडांहून जास्त कर्ज फेडतो आणि लग्न लावून देतो. इथे आरसा ठेवून बघा. बातमी लगेच कळते, एलिझाबेथ तडक घरी निघते, डार्सीला पत्ताच लागत नाही. मग अकराव्या प्रकरणात लेखक अडकतो आणि 'आरसा अचानक फुटला' असं लिहून मोकळा होतो. वाचकाला ही पळवाट लगेच दिसते.

माझी पद्धत अशी: एकही मंत्र ठरवण्याआधी मूळ कादंबरीतल्या पत्रांची यादी करायची. प्रत्येकापुढे लिहायचं, 'हे लगेच पोचलं असतं तर काय बिघडलं असतं?' मग जादूला त्याच जागी खोट ठेवायची. उदाहरणार्थ, निरोप क्षणात जातो, पण पत्ता हातानं, एका दमात लिहावा लागतो आणि एक अक्षर चुकलं की तो दुसऱ्याच गावी उतरतो. जेनची चूक शाबूत राहते. त्या काळी टपालाचे पैसे बहुधा पत्र घेणारा भरायचा. तेही वापरा, जादूची किंमत घेणाऱ्याकडून वसूल करा.

दुसरी चूक पैशाची. 'डार्सी राज्यातला सर्वांत बलाढ्य जादूगार' एवढं लिहून भागत नाही. मूळ कथेत आकडे आहेत: डार्सीचं उत्पन्न वर्षाला दहा हजार पौंड, बेनेटांच्या लाँगबोर्न इस्टेटीचं दोन हजार, आणि तेही पुरुष वारसाला, म्हणजे नात्यातल्या कॉलिन्सला जाणार. मुलींच्या वाट्याला आईच्या मागे प्रत्येकी हजार पौंड, चार टक्क्यांनी वर्षाला चाळीस. म्हणून एलिझाबेथनं कॉलिन्सच्या लग्नाच्या मागणीला दिलेल्या नकाराला वजन आहे. जादू रक्तातून येत असेल, तर तिलाही हाच वारसाहक्क लावा: बाप गेला की घराची जादू कॉलिन्सकडे, आणि मुलींच्या हाती वर्षाला चाळीस मंत्र पुरतील एवढीच.

वशीकरणाचा काढा नको. मनातलं ओळखणारी नायिका तर अजिबात नको, कारण तिला विकमबद्दल गैरसमज होणार कसा?

पळून जाण्याच्या प्रसंगात क्षणात गायब होणंही नको. १७५३ च्या विवाह कायद्यामुळे इंग्लंडमध्ये परवान्यानं लग्न करायला एकवीस वर्षांखालच्यांना वडिलांची संमती लागे, म्हणून जोडपी हा कायदा लागू नसलेल्या स्कॉटलंडची वाट धरत. ती वाट लांब असल्यामुळेच पाठलाग शक्य होतो.

कपड्यांतही चूक होते: क्रिनोलिन, म्हणजे सांगाड्यावर फुगवलेला घेरदार घागरा, १८५० च्या दशकातला. रिजन्सीत झग्याची कंबर छातीखाली असते.

जेन हजर असताना 'मिस बेनेट' म्हणजे जेनच. धाकट्या बहिणी मिस एलिझाबेथ, मिस लिडिया.

मराठीत लिहिणाऱ्यांचा घात 'तू' करतो. इंग्रजीत एकाच 'यू'त भागतं, आपल्याला निवडावं लागतं. पहिल्याच नृत्यात डार्सी 'तू' म्हणाला, तर पुढची तीनशे पानं फुकट. डार्सीच्या लग्नाच्या दुसऱ्या मागणीला होकार मिळेपर्यंत दोघांनाही 'तुम्ही'वरच ठेवा. मिस्टर आणि मिसेस बेनेट मुली मोठ्या झाल्यावरही एकमेकांना आडनावानंच हाक मारतात, त्यांचं 'अहो' तसंच राहू द्या. आणि बेनेटांच्या हर्टफर्डशरमधल्या दिवाणखान्यात 'ओम् फट् स्वाहा' नको. त्या काळी अशा घरांत मुलींना पियानो, चित्रकला, भरतकाम शिकवत, तर त्यांची जादूही सुईच्या टाक्यांतून आणि सुरांतून येऊ द्या.