‘आदु मुलुत’ कधी म्हणावं आणि कधी टाळावं

जकार्तात नव्याने राहायला आलेल्या मराठी मंडळींना मी तिथली इंडोनेशियन भाषा शिकवते. ‘आदु मुलुत’, म्हणजे तोंडी भांडण, हा शब्द मी पहिल्याच आठवड्यात घेते. बातम्यांत तो सारखा कानावर पडतो, अर्थ चटकन लागतो, आणि मग नको तिथे तोंडून निघून जातो.

आधी फोड करू. ‘मुलुत’ म्हणजे तोंड, ‘आदु’ म्हणजे झुंज लावणं. कोंबड्यांची झुंज ‘आदु आयाम’, तशी तोंडांची झुंज ‘आदु मुलुत’. शेवटच्या ‘त’ला जीभ टेकवायची आणि तिथेच थांबायचं. हा ‘आदु’ सगळीकडे भेटतो: फुटबॉलमधलं पेनल्टी शूटआउट ‘आदु पिनाल्ती’, ठोसाठोशी झाली की ‘आदु जोतोस’. ‘आदु दोम्बा’ मात्र जपून. शब्दशः ती मेंढ्यांची झुंज, आणि पश्चिम जावातल्या गारुतला एडके खरोखर झुंजवतात. पण बोलण्यात त्याचा अर्थ दोघांत लावून देणं. डचांच्या ‘फोडा आणि झोडा’ नीतीला इंडोनेशियात याच नावाने ओळखतात.

आता वजन. पहिल्या वर्षी शेजारच्या बाईंशी माझं पाण्याच्या नळीवरून थोडं वाजलं. आवाज कुणाचाच चढला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘पाक एर्ते’ भेटले, म्हणजे आमच्या गल्लीचे प्रमुख. मी नवी शिकलेली भाषा उत्साहाने वापरली: “कमारिन साया आदु मुलुत दंगान इबु सब्लाह.” म्हणजे, काल शेजारच्या बाईंशी माझं आदु मुलुत झालं. ते नुसते हसले आणि गेले. संध्याकाळी दारात ते, त्यांची पत्नी आणि शेजारीणबाई उभ्या. बाईंच्या हातात पिसांग गोरेंगची, तळलेल्या केळ्यांची बशी होती आणि नजर त्या बशीवरच. चहा झाला, मुलांच्या शाळा झाल्या, पाऊस झाला. तासाभराने नळीचा विषय निघाला आणि दोन मिनिटांत मिटला. एर्ते, म्हणजे RT, या अक्षरांचा विस्तार ‘रुकुन ततांगा’: रुकुन म्हणजे सलोखा, ततांगा म्हणजे शेजारी. सलोखा सांभाळणं हेच ज्यांचं काम, त्यांना मी सांगून बसले होते की गल्लीत भांडण पेटलंय. त्या बाईंना किती लाजल्यासारखं झालं असेल, ते आजही मला टोचतं.

तेव्हा मी म्हणायला हवं होतं: “आदा सालाह पाहाम सदिकित.” थोडा गैरसमज झाला. हे वाक्य पाठच करा. त्यात दोष कुणाच्याच पदरात पडत नाही.

‘आदु मुलुत’ हा बघ्यांचा शब्द आहे, हे धरून चाला. आवाज चढले, लोक थांबून पाहू लागले, दोन्हीकडून तोंडाला तोंड दिलं जातंय, तर खुशाल वापरा. आंकोतचा, म्हणजे शेअर व्हॅनचा, ड्रायव्हर आणि दुचाकीवाला रस्त्यात जुंपले, तर “मरेका तरलिबात आदु मुलुत”, म्हणजे त्यांची आदु मुलुत जुंपली, अगदी चपखल, आपली बाचाबाची. नवराबायकोच्या कुरबुरीला ‘चेकचोक’ बरा. ऑफिसच्या बैठकीत साहेबांचं पटलं नाही तर फक्त ‘बेदा पन्दापात’, मतभेद. तिथे ‘आदु मुलुत’ म्हणालात तर ते तक्रारीसारखं ऐकू येईल. आधार नसलेल्या, संपता न संपणाऱ्या वादाला ‘देबात कुसिर’, टांगेवाल्याचा वाद. शब्द फिरवून निसटणाऱ्यासाठी ‘बरसिलात लिदाह’: सिलात ही तिथली युद्धकला, इथे ती जिभेने खेळायची.

तोंडांची झुंज जवळ आली हे ओळखायचं संबोधनावरून. ‘बापाक’ (थोडक्यात ‘पाक’) आणि ‘इबु’ ही पुरुषाला आणि बाईला आदराने हाक मारायची संबोधनं गळून पडतात आणि ‘कामु’, म्हणजे ‘तू’, येतो. जकार्तात तर थेट ‘लु’, त्याहून रांगडा ‘तू’. आपल्याकडे एकेरीवर येतात, तेच. समोरचा ‘लु’वर आला तरी तुम्ही ‘पाक’ सोडू नका, आवाज त्याच्यापेक्षा खाली ठेवा आणि एकच शब्द म्हणा: “साबार, पाक.” आपली सबुरी आणि हा साबार एकाच अरबी मुळाचे, त्यामुळे मराठी जिभेला तो परका वाटत नाही. बाजाराबाहेर गाड्या लावून देणारा पोरगा दोन चिडलेल्या माणसांच्या मध्ये तळहात पसरून हाच शब्द हळूहळू म्हणत राहतो, “साबार, साबार”, आणि दुसऱ्या हाताने मागच्या गाडीला वाट करून देतो.